किबोकोचा मका: लष्करी अळीला पुरून उरणारे तीन वाण कसे घडले

केनियात मका म्हणजे रोजचं जेवण. पांढऱ्या मक्याचं पीठ उकळत्या पाण्यात घोटून केलेला उगाली तिथे दोन्ही वेळा ताटात असतो. तो पिकवणारे बहुतेक शेतकरी एक-दोन एकरांचे, पावसाच्या भरवशावर शेती करणारे. २०१७ साली त्यांच्या शेतात अमेरिकन लष्करी अळी उतरली. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडे ती जानेवारी २०१६ मध्ये पहिल्यांदा दिसली होती, आणि दोनेक वर्षांत सहाराच्या दक्षिणेचा जवळजवळ सगळा मुलूख तिने व्यापला. पुढे मे २०१८ मध्ये ती कर्नाटकात शिवमोग्ग्याला सापडली आणि त्याच वर्षी पावसाळा सरता सरता सोलापूर-सांगलीच्या शिवारातही आली. आपल्याकडची गोष्ट इथूनच सुरू झाली, म्हणून केनियातल्या किबोको या संशोधन केंद्रात जे झालं ते प्रकरण आपण नीट समजून घ्यायला हवं.

घडलं ते असं. आंतरराष्ट्रीय मका व गहू सुधार केंद्राने, म्हणजे सिमिटने, डिसेंबर २०२० मध्ये लष्करी अळीला सहनशील असे मक्याचे तीन संकरित वाण जाहीर केले. कीड दारात आल्यापासून चार वर्षंही झाली नव्हती. मक्याचा नवा संकर शून्यापासून घडवायला एरवी याहून बराच जास्त काळ जातो. मग हे इतक्या लवकर कसं साधलं? माझ्या मते खरं उत्तर २०१७ च्या कितीतरी आधीच्या कामात आहे. मेक्सिकोत तीस-चाळीस वर्षांपूर्वी केलेलं आणि नंतर बरंचसं बाजूला पडलेलं काम ऐन वेळी हाताशी होतं, म्हणून हे जमलं.

पोंग्यातला शत्रू

ज्यांनी ही अळी जवळून पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. मादी पतंग आयुष्यात हजार-दीड हजार अंडी घालते. शंभर-दोनशेच्या पुंजक्यात घातलेल्या या अंड्यांवर ती स्वतःच्या अंगावरचे केस पसरून ठेवते. उबदार हवेत दोन-तीन दिवसांत अळ्या बाहेर पडतात. त्या इतक्या हलक्या असतात की तोंडातून सोडलेल्या रेशमी धाग्याला लोंबकळत वाऱ्याबरोबर शेजारच्या झाडांवर जातात. सुरुवातीला त्या पानाचा हिरवा पापुद्रा खरवडून खातात, त्यामुळे पानावर पांढरट, पारदर्शक खिडक्या दिसतात. मग त्या पोंग्यात, म्हणजे रोपाच्या मधोमध गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत, शिरतात. एका पोंग्यात शेवटी बहुधा एकच मोठी अळी उरते, कारण मोठ्या अळ्या लहानांना खाऊन टाकतात. डोक्यावर उलट्या इंग्रजी वाय अक्षरासारखी खूण आणि शेपटीजवळ चौकोनात चार काळे ठिपके दिसले की ओळख पटली.

फवारणीचा घोळ पोंग्यातच होतो. अळी मोठी झाली की तिच्या ओलसर, भुशासारख्या विष्ठेने पोंग्याचं तोंड बंद होतं आणि औषध आत पोचत नाही. शेतकऱ्याला नुकसान दिसतं तेव्हा अळी सुरक्षित जागी पोचलेली असते. शिवाय ही कीड सुप्तावस्थेत जात नाही. शेतात मका आहे तोवर पिढ्यांमागून पिढ्या चालू राहतात, आणि पतंग एका रात्रीत शंभर किलोमीटरपर्यंत उडू शकतो. २०१७ मध्ये काबी या आंतरराष्ट्रीय कृषी संस्थेने आफ्रिकेतल्या मका पिकवणाऱ्या बारा देशांसाठी अंदाज काढला होता: काहीच उपाय झाला नाही तर वर्षाला ८३ लाख ते २ कोटी ६ लाख टन मका हातचा जाईल. हे आकडे आल्यावर अनेक सरकारांनी घाईने कीटकनाशकं वाटली. पाठीवर पंप, हातात मोजे नाहीत, तोंडाला फडकं, आणि फवारणाऱ्यांत मोठ्या संख्येने बायका. कीड आटोक्यात आणायचा हा मार्ग फार काळ चालण्यासारखा नव्हता.

मेक्सिकोत जपलेलं बियाणं

लष्करी अळी अमेरिका खंडाला नवी नाही. ती तिथलीच. मका आणि ही अळी तिथे हजारो वर्षं एकमेकांसोबत वाढले, म्हणून मक्याच्या काही देशी जातींत तिच्याविरुद्धचे गुण आपोआप साठले. कॅरिबियन बेटांवरच्या, विशेषतः अँटिग्वाकडच्या मक्यात ते ठळकपणे सापडले. या जातींवर दोन ठिकाणी नेटाने काम झालं. मिसिसिपी राज्यात अमेरिकेच्या कृषी खात्याचे फ्रँक डेव्हिस आणि पॉल विल्यम्स यांनी त्यांतून एमपी ७०४, एमपी ७०८ अशा प्रतिकारक शुद्ध ओळी, म्हणजे पिढ्यान्पिढ्या तेच गुण देणारी मूळ बियाणी, काढल्या. मेक्सिकोत सिमिटमध्ये कीटकतज्ज्ञ जॉन मिम यांनी अनेक प्रकारच्या खोडकिड्यांना आणि लष्करी अळीला एकत्रितपणे तोंड देणारे मक्याचे समूह तयार केले.

मिम यांच्या कामातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. कीडप्रतिकारक झाड शोधायचं तर शेतात नैसर्गिकपणे कीड येण्याची वाट पाहून चालत नाही. एखाद्या वर्षी कीड येतच नाही. आली तरी एका कोपऱ्यात भरमसाट आणि दुसऱ्या कोपऱ्यात नावालाही नाही. ज्या झाडावर अळी पोचलीच नाही तेही चांगलं दिसतं, आणि पैदासकार त्यालाच प्रतिकारक समजून निवडून बसतो. म्हणून अळ्या प्रयोगशाळेत वाढवायच्या आणि प्रत्येक झाडावर सारख्या संख्येने सोडायच्या. हजारो झाडांवर हे काम ब्रशने करणं अशक्य. मिम यांनी मक्याच्या बुरकुंडाच्या बारीक चुऱ्यात नुकत्या जन्मलेल्या अळ्या मिसळल्या आणि दांडा एकदा ओढला की पोंग्यात ठरावीक चुरा, म्हणजे ठरावीक अळ्या, टाकणारं हातयंत्र बनवलं. त्याला सगळे बाझुका म्हणायचे. हे साधंसं यंत्र आलं आणि किडीसाठी निवड करणं मोठ्या प्रमाणावर शक्य झालं.

नुकसान मोजायची पद्धतही तेव्हाच बसली. डेव्हिस आणि विल्यम्स यांनी १९९२ मध्ये पक्क्या केलेल्या पट्टीवरूनच आजची १ ते ९ ची पट्टी आली. १ म्हणजे पानावर ओरखडाही नाही. ९ म्हणजे पोंगा जवळपास खलास, झाड मरणाच्या दारात. मधल्या अंकांत छिद्रं किती, केवढी आणि कोणत्या पानांवर याचा हिशेब असतो. निवड करणारा माणूस झाडापुढे उभा राहतो, पोंग्याजवळची पानं पाहतो आणि एक आकडा लिहितो. दिवसभर हेच. डोळा पक्का व्हायला काही हंगाम लागतात.

मग १९९६ मध्ये अमेरिकेत बीटी मका आला. जिवाणूचं एकच जनुक, आणि अळी मरते. त्यापुढे दहा-वीस जनुकांनी मिळून दिलेला अर्धामुर्धा प्रतिकार कुणाला आकर्षक वाटणार? पैसा आणि माणसं तिकडे वळली, आणि देशी प्रतिकारावरचं काम हळूहळू आक्रसत गेलं. पण मिम यांच्या समूहांतून निघालेल्या सीएमएल, म्हणजे सिमिटच्या मका ओळींच्या, मालिकेतल्या ओळी सिमिटच्या जनुकपेढीत थंड कोठारात सुरक्षित राहिल्या. पैसा आटल्यावर असं काम बहुधा वाहून जातं. इथे बियाणं तरी वाचलं, आणि त्यासाठी त्या पेढीचे आभार मानायला हवेत.

किबोकोत आधीपासून काय होतं

किबोको हे नैरोबी-मोम्बासा रस्त्यावरचं, मकुएनी परगण्यातलं ठिकाण. उष्ण, कोरडं, समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या आत. केनियाच्या कृषी व पशुधन संशोधन संस्थेचं, म्हणजे कालरोचं, केंद्र तिथे आहे. मक्यावर अळ्या सोडून निवड करण्याचं काम या जागेला नवं नव्हतं. १९९९ मध्ये केनियाच्या कृषी संशोधन संस्थेने सिमिटसोबत आफ्रिकेसाठी कीडप्रतिकारक मका घडवण्याचा प्रकल्प सुरू केला होता. तेव्हा लक्ष्य होतं खोडकिडा. केनियाच्या मक्याचं सुमारे १३ टक्के नुकसान एकट्या खोडकिड्यांमुळे होतं, असा त्या काळचा अंदाज.

त्यातला एक खोडकिडा आपल्या ओळखीचा आहे. आपल्याकडे ज्वारी आणि मक्यात पोंगेमर करणारा ठिपकेदार खोडकिडा मूळचा आशियातला. आफ्रिकेत त्याची पहिली नोंद १९३० च्या सुमारास मलावीत झाली, आणि पुढे केनियाच्या किनारपट्टीवर त्याने स्थानिक जातभाईला मागे सारलं. म्हणजे आपल्याकडची कीड तिकडे गेली आणि ऐंशी-नव्वद वर्षांनी अमेरिकेतली कीड त्यांच्यानंतर आपल्याकडे आली. दोन्ही मुलखांतल्या मक्याचं दुखणं बरंचसं एकच आहे.

खोडकिड्याच्या त्या प्रकल्पामुळे केनियात अळ्या वाढवणारी माणसं तयार होती, आणि मेक्सिकोतल्या कीडप्रतिकारक ओळींची ओळखही झालेली होती. २०१३ मध्ये किबोकोतच डबल हॅप्लॉइडचं केंद्र उभं राहिलं होतं. एरवी मक्याची शुद्ध ओळ मिळवायला सहा-सात पिढ्या स्वपरागसिंचन करावं लागतं. या तंत्राने ते काम दोन-तीन हंगामांत होतं. २०१७ मध्ये कीड आली तेव्हा एवढी शिदोरी पदरात होती. नव्हती ती लष्करी अळीसाठीची जाळीघरं. ती तातडीने उभारली गेली.

जाळीघरात काय चालतं

लष्करी अळी मोठ्या संख्येने वाढवणं कटकटीचं काम आहे. पतंगांच्या पिंजऱ्यात कागद टांगायचा, त्यावर अंडी मिळवायची. अळ्या बाहेर आल्या की कडधान्याचं पीठ, गव्हाचे अंकुर, जीवनसत्त्वं आणि अगार घालून बनवलेल्या कृत्रिम खाद्यावर त्या पोसायच्या. थोड्या मोठ्या झाल्या की प्रत्येक अळीला वेगळी डबी, नाहीतर त्या एकमेकींना खातात. आणि हे सगळं वेळापत्रकात बसवायचं. शेतात रोपं दोन आठवड्यांची होतील नेमक्या त्याच दिवशी हजारो ताज्या अळ्या तयार हव्यात. रोपं पुढे गेली किंवा अळ्या उशिरा निघाल्या तर तो हंगाम वाया.

२०१७ ते २०१९ या काळात जाळीघरांत शेकडो ओळी आणि त्यांचे संकर तपासले गेले. मेक्सिकोतल्या जुन्या ओळी अळीपुढे टिकत होत्या, पण त्यांत दुसरीच उणीव होती. आफ्रिकेतल्या हवामानात त्यांचं उत्पन्न कमी यायचं, आणि तिथले रोग, म्हणजे पानांवर रेघा पाडणारा विषाणू, करपा आणि २०११ पासून केनियात पसरलेला मक्याचा घातक मर रोग, त्यांना झेपत नव्हते. दुसऱ्या बाजूला सिमिटने आफ्रिकेसाठी घडवलेल्या उत्तम ओळी होत्या. त्या दुष्काळ सोसणाऱ्या, कमी नत्रावर तगणाऱ्या, रोगांना तोंड देणाऱ्या होत्या, पण अळीपुढे निष्प्रभ. या दोन घराण्यांचं लग्न लावायचं होतं.

त्यातली अडचण अशी. अळीविरुद्धचा हा प्रतिकार एका जनुकाचा असता तर खूण लावून तो उचलता आला असता. तो अनेक जनुकांचा आहे, प्रत्येकाचा वाटा लहान. उत्पन्न वाढवायला चांगल्या ओळीशी पुन्हा पुन्हा संकर केला की दर फेरीत त्यातली काही जनुकं गळून पडतात. म्हणून प्रत्येक पिढीत पुन्हा अळ्या सोडायच्या, पुन्हा १ ते ९ चे आकडे लिहायचे आणि अळी व उत्पन्न या दोन्ही परीक्षांत उत्तीर्ण झालेलंच पुढे न्यायचं. पैदासकारांना हे कंटाळवाणं वाटत असेल, पण याला आडवाट नाही.

२०२० मध्ये निर्णायक चाचणी झाली. निवडलेले आठ संकर, त्यांतले चार लवकर तयार होणारे आणि चार मध्यम कालावधीचे. त्यांच्या जोडीला केनियात भरपूर विकले जाणारे चार व्यापारी वाण. चाचणीची मांडणी नीट समजून घेण्यासारखी आहे. प्रत्येक वाणाला जाळीघरातला स्वतंत्र कप्पा दिला होता. एकाच कप्प्यात सगळे वाण लावले असते तर अळ्यांनी न आवडणारं झाड सोडून शेजारचं गाठलं असतं, आणि ते झाड फुकट शाबासकी घेऊन गेलं असतं. शेतकऱ्याच्या शेतात मात्र सगळीकडे एकच वाण असतो. तिथे अळीला दुसरीकडे जायला जागा नसते. तशाच परिस्थितीत वाण काय करतो ते पाहायचं होतं.

पेरणीनंतर १४ दिवसांनी प्रत्येक रोपावर नुकत्या जन्मलेल्या ७ अळ्या सोडल्या. त्यानंतर ७, १४ आणि २१ दिवसांनी पानांचं नुकसान मोजलं. पुढे कणसांचं नुकसान, उत्पन्न, झाडाची उंची, सगळं नोंदवलं. फवारणी अजिबात नाही.

तीन संकर वर आले. या कडक चाचणीत त्यांचं उत्पन्न हेक्टरी सात ते साडेआठ टनांच्या आसपास होतं, तर व्यापारी वाणांचं जेमतेम एक टन. आपल्या हिशेबाने एका बाजूला एकरी २८ ते ३४ क्विंटल आणि दुसऱ्या बाजूला चार. हा फरक पाहून कुणीही हरखेल, पण मी इथे शेतकऱ्यांना सावध करेन. ही तुलना दर झाडावर सात अळ्या सोडलेल्या, एकही फवारणी नसलेल्या कप्प्यातली आहे. साध्या शेतात कीड एवढी नसते, शेतकरी काही ना काही उपाय करतोच, आणि केनियाचं मक्याचं सरासरी उत्पन्न हेक्टरी दोन टनांच्या आत-बाहेर आहे. नवा वाण लावला की उत्पन्न सातपट होईल असं कुणी सांगत असेल तर ते खोटं. चाचणीतून कळलं ते एवढंच, पण तेही थोडं नाही: कीड पूर्ण भरात असली तरी हे झाड कणीस भरून देतं.

आणखी एक निष्कर्ष माझ्या दृष्टीने तितकाच महत्त्वाचा आहे. कीड नसताना, दुष्काळात, रोगाच्या प्रादुर्भावात या तीन संकरांचं उत्पन्न व्यापारी वाणांच्या बरोबरीचं राहिलं. कीड न आलेल्या वर्षी ज्या वाणामुळे तोटा होतो, तो शेतकरी दुसऱ्यांदा विकत घेत नाही. जुन्या काळचे कितीतरी कीडप्रतिकारक वाण याच एका कारणाने बाजारातून गेले.

झाड नेमकं करतं काय

मिसिसिपीच्या एमपी ७०८ ओळीवर झालेल्या अभ्यासातून याची चांगली कल्पना येते. ही ओळ त्याच कॅरिबियन घराण्यातली. अळीने पान कुरतडलं की तासाभरात जखमेच्या जागी एक विशिष्ट प्रथिन जमू लागतं. ते प्रथिनं तोडणारं विकर आहे. अळीच्या आतड्याला आतून एक पातळ अस्तर असतं. खाल्लेल्या घासातल्या खरखरीत कणांपासून आणि जंतूंपासून ते आतड्याचं रक्षण करतं. हे विकर त्या अस्तराला भोकं पाडतं. अळी मरत नाही, पण खाल्लेलं अंगी लागत नाही. प्रतिकारक झाडावर वाढलेली अळी साध्या झाडावरच्या अळीच्या निम्म्या वजनाची भरते. त्याखेरीज या ओळींची पानं लवकर जून होतात, त्यांचा पापुद्रा जाड आणि चिवट होतो, आणि लहान अळीच्या जबड्याला ते कठीण जातं.

वाढ खुंटलेली अळी शेतात जास्त दिवस लहान राहते, आणि लहान अळीला शत्रू पुष्कळ. ढालकिडे, कातीण, मुंग्या, परोपजीवी गांधीलमाश्या यांना ती जास्त दिवस सापडत राहते. म्हणून असा वाण मित्रकीटकांच्या साथीत कागदावरच्या आकड्यापेक्षा चांगलं काम करतो. केनियातच इसिपे या कीटकविज्ञान संस्थेने मक्यात डेस्मोडियम ही शेंगवर्गीय वनस्पती आणि कडेला गवताच्या पट्ट्या लावायची पद्धत रुजवली आहे, आणि २०१८ च्या अभ्यासात त्या शेतांत लष्करी अळ्या ८० टक्क्यांहून जास्त घटलेल्या आढळल्या. सहनशील वाण आणि ही पद्धत एकत्र आली तर फवारणीची गरज किती उरेल हे पाहण्यासारखं आहे.

कणसाचा मुद्दा वेगळा सांगायला हवा. पानं वाचवणारी जनुकं कणीस वाचवतीलच असं नाही. म्हणून किबोकोत दोन्ही नुकसानं वेगवेगळी मोजतात. अळीने पोखरलेल्या कणसात बुरशीला वाट मिळते. ज्या मकुएनी परगण्यात हे केंद्र आहे, तिथे आणि शेजारच्या किटुईत २००४ मध्ये अफ्लाटॉक्सिनचं विष असलेला मका खाऊन मोठी विषबाधा झाली होती. ३१७ जण आजारी पडले, १२५ दगावले. त्यामागे ओलसर मका साठवणं हे मुख्य कारण होतं आणि तेव्हा लष्करी अळी तिथे नव्हती. पण ज्या भागाने ते पाहिलं आहे, तिथे भोक पडलेल्या कणसाकडे नुसतं वजनातली घट म्हणून पाहता येत नाही.

बीटी का पुरेसा नाही

हा प्रश्न हमखास विचारला जातो, आणि तो रास्त आहे. बीटी मक्याने अळी मरते यात वाद नाही. पण केनियात २०१२ पासून ऑक्टोबर २०२२ पर्यंत जनुकबदल केलेल्या अन्नावर बंदी होती. २०१७ मध्ये अळी समोर आली तेव्हा तो रस्ता बंदच होता.

दुसरं कारण टिकाऊपणाचं. प्वेर्तो रिको बेटावर क्राय १ एफ या बीटी जनुकाचा मका २००३ मध्ये आला, आणि २००६ मध्येच लष्करी अळी त्याला दाद देईनाशी झाली. दक्षिण आफ्रिकेत तिथल्या स्थानिक खोडकिड्याने क्राय १ एबी या दुसऱ्या बीटी जनुकावर मात केल्याची नोंद २००७ मध्ये झाली. विदर्भ-मराठवाड्यातल्या कापूस उत्पादकांना हे समजावून सांगावं लागत नाही. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने बीटी कपाशीची बोंडं कशी पोखरली ते त्यांनी भोगलं आहे. एका जनुकाचा पहारा किडीला एका बदलाने चुकवता येतो. अनेक जनुकांचा मंद प्रतिकार चुकवायचा तर किडीत अनेक बदल एकदम व्हावे लागतात, शिवाय तो अळीला मारत नसल्याने दाद न देणाऱ्या अळ्यांची निवडही तितक्या वेगाने होत नाही. जिथे बीटीला परवानगी आहे तिथेही तो सहनशील वाणातच घातला तर जास्त वर्षं टिकेल, असं माझं ठाम मत आहे.

वाण जाहीर झाल्यावर

जाहीर झालेले तिन्ही वाण तिहेरी संकर आहेत. म्हणजे आधी दोन शुद्ध ओळींचा संकर करायचा, आणि त्या जोमदार झाडाला मादी धरून तिसऱ्या ओळीचा पराग द्यायचा. दोनच शुद्ध ओळींच्या एकेरी संकराचा एकजिनसीपणा यात थोडा कमी असतो, पण मादी झाडालाच भरपूर दाणे लागतात, त्यामुळे बियाणं स्वस्तात तयार होतं. आफ्रिकेतल्या लहान बियाणे कंपन्यांना तेच परवडतं. सिमिट स्वतः बियाणं विकत नाही. प्रत्येक देशात सरकारी चाचण्या होतात, मग तिथल्या कंपन्यांना उत्पादनाचा परवाना मिळतो. झांबिया, मलावी, दक्षिण सुदान अशा देशांत या वाणांना पुढच्या काळात मान्यता मिळाली. मान्यतेपासून दुकानातल्या पिशवीपर्यंत मात्र पायाभूत बियाण्याचे तीन-चार हंगाम लागतात, आणि लोकांच्या ओळखीचा वाण सोडून नव्यावर भांडवल लावायला कंपन्या सहजासहजी तयार होत नाहीत.

आपल्या मक्यासाठी

किबोकोचे वाण आणून सोलापुरात पेरता येणार नाहीत. त्यांचा दाणा पांढरा आहे, उगालीसाठी निवडलेला. आपला मका प्रामुख्याने पिवळा. तो जातो कोंबडीखाद्याला, स्टार्चला आणि अलीकडे इथेनॉलला. आपले रोग वेगळे, खरीप-रब्बीचे कालावधी वेगळे. त्यामुळे इथे हवं आहे ते बियाण्याच्या पिशवीऐवजी त्यामागचं मूळ साहित्य, आणि ते मिळण्याजोगं आहे. या सगळ्या कामाच्या काळात सिमिटच्या मका कार्यक्रमाचं नेतृत्व बी. एम. प्रसन्ना या भारतीय पैदासकाराकडे होतं. सिमिटचं आशियातलं मका संशोधन हैदराबादहून चालतं, आणि कर्नाटकात कुणिगलला डिसेंबर २०२१ मध्ये डबल हॅप्लॉइड केंद्रही सुरू झालं. मेक्सिकोतल्या त्याच ओळींचा इथल्या पिवळ्या, जास्त उत्पन्नाच्या ओळींशी संकर करायला तांत्रिक अडचण काही नाही.

तपासणीची जाळीघरं मात्र इथली हवीत आणि त्यांत सोडायच्या अळ्याही इथल्या हव्यात. निदान एक जाळीघर महाराष्ट्रात असावं असं मला मनापासून वाटतं. आपल्याकडे या अळीचा प्रश्न दाण्यापुरता नाही. पश्चिम महाराष्ट्रात आणि नाशिक-नगरकडे गोठ्यासाठी मक्याचा मुरघास मोठ्या प्रमाणावर होतो. दाण्याच्या मक्यात फवारणी आणि काढणी यांत बरेच दिवस जातात, पण मुरघासाचा मका हिरवा असतानाच कापतात आणि पानांसकट जनावराच्या पोटात जातो. तिथे एक फवारणी वाचली तरी तिचा फायदा दुधापर्यंत पोचतो. शेजारची ज्वारी आणि ऊसही या अळीला चालतात, हे आपण पहिल्याच वर्षी पाहिलं.

आज आपल्याकडची शिफारस अशी: रोपावस्थेत ५ टक्के झाडांवर नुकसान दिसलं की निंबोळी अर्क, आणि पोंग्याच्या पुढच्या अवस्थेत नुकसान १० ते २० टक्क्यांवर गेलं की इमामेक्टिन बेंझोएट, स्पिनेटोरम किंवा क्लोरअँट्रानिलिप्रोल. हे आकडे अळीपुढे हात टेकणाऱ्या वाणांसाठी ठरवलेले आहेत. ज्या झाडाची पानं १ ते ९ च्या पट्टीवर चार-पाच अंकांपर्यंत खाल्ली जाऊनही कणीस भरतं, त्यावर ५ टक्क्यांनाच पंप उचलणं म्हणजे पैसे वाया घालवणं आणि मित्रकीटक मारणं. पिवळ्या दाण्याचा सहनशील वाण येईल तेव्हा त्याच्यासाठी ही मर्यादा नव्याने ठरवावी लागेल. त्यासाठी जाळीघरातले आकडे पुरणार नाहीत. सोलापूरची कोरडवाहू जमीन, जालना-संभाजीनगरचा खरीप आणि सांगलीचा बागायती मका अशा वेगवेगळ्या शेतांत, फवारणी केलेले आणि न केलेले पट्टे शेजारीशेजारी ठेवून, किमान दोन-तीन हंगाम चाचण्या घ्याव्या लागतील. वाण येण्याची वाट न पाहता या चाचण्यांची आखणी आताच सुरू करता येईल.